प्रश्न तुमचे: कटल्याचं पिवळं यकृत आणि कोंबड्यांचं टॉनिक

प्रश्न: आमच्या मत्स्यबीज केंद्रात कटला-रोहूचे ब्रूडर (बीजासाठी राखलेले मोठे नर-मादी मासे) आहेत. खाद्य शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा, निम्मं-निम्मं. गेल्या पावसाळ्यात माद्या गुबगुबीत दिसत होत्या, पण अंडी सोडण्यासाठी दिलेल्या संप्रेरकाच्या इंजेक्शननंतर अंडी कमी सुटली. मेलेली एक मादी फाडली तर पोटात चरबी आणि यकृत पिवळट. यंदा मेअखेरीस कोंबड्यांचं लिव्हर टॉनिक तळ्यात सोडावं का? (एक वाचक, भंडारा)

उत्तर: नको. तळ्यात ओतलेलं टॉनिक पाण्यात विरून जातं, माशाच्या पोटात जवळपास काहीच पोचत नाही. शिवाय मेअखेरीस वेळ टळून गेलेली असते. बलकाचं प्रथिन यकृतात तयार होऊन रक्तावाटे अंडाशयात जातं आणि हे काम फेब्रुवारी-मार्चपासूनच चालू असतं. खाली दिलेली पूरकं खाद्यातून जानेवारीअखेर सुरू करा.

आमचा पहिला संशय कोंड्यावर. गिरणीतून निघालेल्या कोंड्यातलं तेल काही दिवसांतच खवट होतं आणि खवट तेल खाद्यातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं. चिमूटभर चाखा; कडवट लागला तर गेला. तेल काढलेला कोंडा घ्या. पेंडीला बुरशीचा वास असेल तर ती फेकाच. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, थेट यकृतावर घाव घालतं आणि पेंड उकळूनही जात नाही.

10 किलो कोरड्या खाद्याला ई जीवनसत्त्वाची 50 टक्के पावडर 3 ग्रॅम, स्थिर केलेल्या सी जीवनसत्त्वाची 35 टक्के पावडर 6 ग्रॅम, कोलीन क्लोराइड 60 टक्के 20 ग्रॅम. यकृतातली चरबी बाहेर न्यायला कोलीन लागतं. पेंडीत ते थोडं असतंच, म्हणून एवढं पुरे. ई आणि सी आधी अर्धा किलो कोरड्या कोंड्यात घोळा, मग बाकीच्यात. कोलीन ओल धरतं आणि जीवनसत्त्वं नासवतं, त्यामुळे ते वेगळ्या डब्यात ठेवून खाद्य टाकायच्या वेळीच मिसळा. पेंड रात्रभर भिजवत असाल तर पूरकं सकाळी घाला, रात्री नाही.

एवढं करूनही खाद्य भरमसाट पडलं तर उपयोग शून्य. थंडीत मासा कमी खातो, कमी हालतो. खाद्य तेवढंच राहिलं की चरबी साठते. अशा माद्यांना वजनाच्या दीड-दोन टक्केच द्या आणि दोन तासांनी खाद्याचा ट्रे उचलून किती उरलं ते बघा.

आणखी एक. ती मादी मेल्यावर किती वेळाने फाडली? कटला-रोहूचं यकृत आतड्यांच्या वेटोळ्यांत पसरलेलं असतं, ते लवकर सडतं आणि पित्तानेही पिवळं पडतं. पुढच्या वेळी तासाभरात फाडा. निरोगी यकृत तांबूस-तपकिरी असतं. तुकडा पाण्याच्या ग्लासात टाका. तरंगला तर चरबीच.