कम्युनिटी फाउंडेशनकडून ग्रँट: अर्ज भरण्याआधीची कामं

ताई, तुमच्या पोस्टवरून मला समजलं ते असं: इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी मंडळातल्या काही जणांनी मिळून ज्येष्ठांसाठी वेगळी संस्था काढली, ५०१ सी ३, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा दर्जा, मिळून दोन वर्षं झाली, आतापर्यंतचा सगळा खर्च आपल्याच लोकांच्या देणग्यांवर भागला. आता शहरातल्या कम्युनिटी फाउंडेशनकडे पहिला अर्ज केला, तर 'आमच्या प्राधान्यक्रमात बसत नाही' असं दोन ओळींचं उत्तर आलं. आपल्यासारख्या लहान संस्थेला तिथे खरंच पैसे मिळतात का, हा तुमचा प्रश्न.

मिळतात. मी आधी मंडळाचा खजिनदार म्हणून असे अर्ज लिहिले आहेत आणि आता आमच्या काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, फाउंडेशनच्या समितीवर स्वयंसेवक म्हणून बसून दुसऱ्यांचे अर्ज वाचतो. त्या अनुभवावरून सांगतो की नाकारलेल्या अर्जांपैकी बऱ्याच अर्जांमागचं काम चांगलंच असतं. अर्ज चुकीच्या निधीकडे गेलेला असतो, किंवा काम कागदावर नीट उतरलेलं नसतं.

आधी ही फाउंडेशन म्हणजे नेमकं काय, ते पाहू. १९१४ मध्ये क्लीव्हलंडला फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने पहिली कम्युनिटी फाउंडेशन काढली. त्याची अडचण अशी होती की श्रीमंत माणसं मृत्युपत्रात एखाद्या ठरावीक कामासाठी पैसे ठेवून जात आणि काही दशकांनी ते कामच उरत नसे, पैसे मात्र कायद्यात अडकून पडत. म्हणून त्याने शहरातल्या अनेकांचे निधी एका संस्थेत ठेवले आणि काळानुसार त्यांचा वापर बदलायचा अधिकार स्थानिक लोकांच्या समितीला दिला. पुढच्याच वर्षी शिकागो कम्युनिटी ट्रस्ट आला. आज अमेरिकेत अशा नऊशेच्या आसपास फाउंडेशन आहेत, म्हणजे बहुतेक भागांसाठी एखादी असतेच. मोठ्या महानगरात एकाहून जास्तही असतात. डॅलसमध्येच डॅलस फाउंडेशन वेगळी आणि कम्युनिटीज फाउंडेशन ऑफ टेक्सस वेगळी.

या इतिहासातून आपल्या कामाचं एवढंच घ्यायचं की तिथे एकच तिजोरी नसते. एका छपराखाली शेकडो निधी असतात. काहींवर फाउंडेशनचा स्वतःचा अधिकार असतो, काही आरोग्य, ज्येष्ठ, शिक्षण अशा एकेका विषयाला वाहिलेले असतात, काही दात्याने आधीच नेमून दिलेल्या संस्थेसाठी किंवा शिष्यवृत्त्यांसाठी असतात, आणि काहींमध्ये पैसे कुठे द्यायचे हे दाता सुचवतो. त्याला डोनर अॅडव्हाइज्ड फंड म्हणतात, बोलताना डॅफ. वेबसाइटवरचा अर्ज साधारणपणे पहिल्या दोन प्रकारांसाठी असतो. तुम्ही तो भरलात, तिथे नकार आला, आणि बाकीचं घर तुम्ही अजून पाहिलेलंच नाही.

पुढचा अर्ज करण्याआधी एक संध्याकाळ काढा. प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर या वेबसाइटवर तुमच्या फाउंडेशनचा फॉर्म ९९०, म्हणजे तिने कर खात्याला दिलेलं वार्षिक विवरणपत्र, फुकट वाचता येतो. त्यातलं शेड्यूल आय हे परिशिष्ट उघडा. पाच हजार डॉलरच्या वर पैसे मिळालेल्या देशातल्या संस्थांची यादी तिथे असते, कोणाला किती आणि कशासाठी. यादी लांबलचक असते, पण नेटाने वाचा. तुमच्यासारखं काम करणाऱ्या संस्थांवर खूण करा: ज्येष्ठांना जेवण पोचवणाऱ्या, दवाखान्यात नेणाऱ्या, स्थलांतरितांना भाषेची मदत करणाऱ्या. त्यांना साधारण किती मिळालं ते पाहा. आजूबाजूच्या लहान संस्थांना सात-आठ हजार मिळत असताना पहिल्याच अर्जात चाळीस हजार मागितले, तर या लोकांनी आपल्याबद्दल काहीच वाचलेलं नाही, हे समितीला लगेच कळतं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: 'मराठी समाजातील ज्येष्ठ नागरिकांसाठी सांस्कृतिक व सामाजिक उपक्रम राबवणे.' अर्जातही हेच गेलं असेल, तर नकार का आला ते मला कळतं. वाक्यात खोटं काही नाही, पण समितीतल्या निवृत्त शाळामुख्याध्यापकाला किंवा रुग्णालयातल्या नर्सला त्यातून काय दिसतं? एका समाजाचं स्नेहसंमेलन. त्यांचं मन कोतं असतं असं नाही. शहराच्या पैशांतून शहराची कोणती गरज भागते, हे पाहायला त्यांना तिथे बसवलेलं असतं.

तुमचं खरं काम मला खालच्या प्रतिसादांमधून कळलं. मुलांकडे ग्रीन कार्डवर आलेले आई-वडील, वय सत्तरच्या पुढे, गाडी चालवत नाहीत, दिवसभर सबअर्बमधल्या घरात एकटे. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, विकत घ्यायलाही सलग पाच वर्षांचा वास्तव्याचा काळ पूर्ण व्हावा लागतो, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा पुरवून पुरवून घेणारे. तुमचे स्वयंसेवक त्यांना क्लिनिकला नेतात, डॉक्टर काय म्हणाले ते मराठीत, गुजरातीत, हिंदीत समजावतात, आणि गुरुवारी हॉलमध्ये एकत्र जेवण असतं. हे लिहा. 'आमच्या काउंटीतल्या, गाडी न चालवणाऱ्या आणि इंग्रजीत डॉक्टरांशी बोलू न शकणाऱ्या साठ ज्येष्ठांना वर्षभर दवाखान्यात नेणं-आणणं, दुभाषी आणि आठवड्यातून एकदा एकत्र जेवण.' साठ हा आकडा मी उदाहरणादाखल घातला आहे, तुमचा खरा आकडा तुमच्या हजेरीच्या वहीत असेल. दक्षिण आशियाई ज्येष्ठांमधला एकटेपणा आणि आरोग्य असा विषय मांडला की तो आरोग्याच्या निधीतही बसतो आणि ज्येष्ठांच्या निधीतही. गुरुवारची भजनं बंद करू नका, त्यांच्यामुळेच माणसं घराबाहेर पडतात. फक्त अर्जात ती पहिल्या ओळीत नकोत. पूजा किंवा धार्मिक कार्यक्रमाचा खर्चही बजेटमध्ये दाखवू नका, तो देणग्यांतून वेगळा चालवा. धर्मकार्यासाठी पैसे द्यायचे नाहीत असा नियम बहुतेक फाउंडेशनमध्ये असतो.

बजेटबद्दल एक सांगतो. आपल्या लोकांना स्वयंसेवकांच्या कामाची किंमत मांडायला संकोच वाटतो आणि पगार मागायला तर लाजच वाटते. त्यामुळे अर्जात फक्त हॉलचं भाडं आणि जेवण येतं. गाड्यांचं वेळापत्रक लावणारी, फोन घेणारी जी बाई आठवड्याला पंधरा तास देते, तिचं मानधन मागा. ती थकली तर सगळं थांबेल, हे समितीलाही दिसत असतं. स्वयंसेवकांचे तास वेगळ्या ओळीत संस्थेचा वाटा म्हणून दाखवा.

मसुदा एका पानाचा झाला की अर्ज भरण्याआधी फाउंडेशनमध्ये ग्रँटचं काम पाहणाऱ्या प्रोग्रॅम ऑफिसरला फोन करा. याला वशिला समजू नका. लोकांशी बोलणं हे त्यांचं कामच आहे. नकाराचं पत्र आलंय ना, त्याचंच निमित्त करा: अर्ज कुठे कमी पडला आणि पुढच्या फेरीत कोणत्या निधीकडे यावं, याबद्दल वीस मिनिटं मिळतील का, असं विचारा. सहसा मिळतात. त्या बोलण्यात पैसे मागू नका. गुरुवारच्या जेवणाला या, असं आमंत्रण द्या. आमच्या समितीत एखाद्या संस्थेला गुण देताना 'मी तिथे जाऊन आलेय' असं कर्मचाऱ्यांपैकी कोणी म्हटलं की चर्चेचा सूरच बदलतो. चाळीस आजी-आजोबा ताटं घेऊन बसलेत, कोपऱ्यात कोणीतरी औषधाची बाटली हातात धरून लेबल वाचून घेतोय, हे अर्जाच्या पाचशे शब्दांत मावत नाही.

आता डॅफ. मराठी संस्थांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं असं माझं ठाम मत आहे. हा प्रकार १९३१ मध्ये न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्टमध्ये सुरू झाला. दाता पैसे किंवा शेअर आज फंडात टाकतो, करसवलत आजच घेतो आणि कोणत्या संस्थेला द्यायचं ते नंतर सावकाश सुचवतो. वाढलेले शेअर थेट टाकले की त्यांच्यावरचा भांडवली नफ्याचा करही वाचतो. कंपनीचे शेअर मिळणाऱ्या आयटीवाल्यांना हे फार सोयीचं आहे. त्यात २०१८ पासून स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे देणग्यांचा हिशेब न देता मिळणारी ठरावीक करवजावट, जवळजवळ दुप्पट झालं, तेव्हा एका वर्षाची देणगी त्यापुढे कमी पडते म्हणून दोन-तीन वर्षांच्या देणग्या एकाच वर्षी फंडात टाकायची पद्धत वाढली. एकदा आत गेलेले पैसे अमुक काळात वाटलेच पाहिजेत, असं कायद्याने एकेका फंडावर बंधन नाही. परिणाम असा की तुमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसलेल्या काही जणांचे पैसे फिडेलिटी, श्वाब यांसारख्या गुंतवणूक कंपन्यांच्या डॅफमध्ये किंवा गावच्या फाउंडेशनमध्ये पडून असतील, आणि आपली संस्था तिथून पैसे घेऊ शकते हे त्यांच्या डोक्यातही नसेल.

म्हणून देणगीच्या पानावर, पावतीवर, व्हॉट्सअॅपच्या निरोपात संस्थेचं कायदेशीर नाव आणि ईआयएन (कर खात्याने दिलेला संस्थेचा क्रमांक) स्पष्ट लिहा आणि 'डॅफमधून देता येईल' अशी एक ओळ टाका. तीन पथ्यं मात्र पाळा. डॅफच्या पैशांच्या बदल्यात दात्याला काही मिळता कामा नये, म्हणजे सभासद वर्गणी, गाला डिनरची तिकिटं, नाटकाची पहिली रांग यातलं काहीही त्या पैशांतून चालत नाही, अर्धवटसुद्धा नाही. दुसरं, अशा देणगीवर दात्याला करसवलतीची पावती देऊ नका. त्याने ती आधीच घेतलेली असते. त्याला मनापासून आभाराचं पत्र द्या आणि पोच फंड चालवणाऱ्या संस्थेला द्या. तिसरं, चेकवर बऱ्याचदा फक्त फंडाचं नाव असतं, त्यामुळे खजिनदाराने सोबतचं पत्र जपून ठेवावं, नाहीतर आभार कोणाचे मानायचे तेच कळत नाही.

फाउंडेशनच्या कर्मचाऱ्यांशी ओळख झाल्याचा फायदा इथेही होतो. दाते त्यांना विचारतात, ज्येष्ठांसाठी कोण चांगलं काम करतंय? त्या वेळी त्यांच्या तोंडी तुमचं नाव यायला हवं.

कागदपत्रांकडे वळतो, कारण यात मंडळं हमखास अडकतात. वार्षिक जमा साधारण पन्नास हजार डॉलरपर्यंत असेल तर फॉर्म ९९०-एन हे छोटं वार्षिक विवरणपत्र पुरतं, दहा मिनिटांचं काम आहे. पण सलग तीन वर्षं ते भरलं नाही की करमुक्त दर्जा आपोआप जातो. आपल्याकडे दर दोन वर्षांनी कार्यकारिणी बदलते, लॉगिन जुन्या खजिनदाराच्या खासगी ई-मेलवर राहतं आणि नव्याला वाटतं जुन्याने भरलं असेल. आजच तपासा. ई-मेल संस्थेच्या नावाचा ठेवा. राज्यात देणग्या गोळा करण्यासाठी वेगळी नोंदणी लागते का तेही पाहा, बहुतेक राज्यांत लागते. कॅंडिड या सेवाभावी संस्थांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवरचं तुमचं पान, जुन्यांना ते गाइडस्टार म्हणून माहीत असेल, भरून ठेवा. अनेक फाउंडेशन आणि डॅफवाले तिथूनच पडताळणी करतात. आणि बोर्डावर नवरा-बायको, भाऊ-मेहुणे असतील तर मराठी वर्तुळाबाहेरचे एक-दोन सदस्य घ्या. अर्ज वाचताना आम्ही बोर्डाची यादी आवर्जून पाहतो. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे ५०१ सी ३ अजून नाही, त्यांनी एखाद्या नोंदणीकृत संस्थेला फिस्कल स्पॉन्सर म्हणून विचारावं. पैसे तिच्या नावाने येतात, ती थोडी फी कापते आणि काम सुरू होतं.

गिव्हिंग डे हा लहान संस्थांसाठी सगळ्यात सोपा दरवाजा. मिनेसोटात नोव्हेंबरमध्ये गिव्ह टू द मॅक्स डे, उत्तर टेक्ससमध्ये सप्टेंबरमध्ये नॉर्थ टेक्सस गिव्हिंग डे, असे एका दिवसाचे देणगी-उत्सव अनेक भागांत होतात आणि त्यामागे बऱ्याचदा कम्युनिटी फाउंडेशनच असते. नोंदणीची मुदत काही आठवडे आधीच संपते, ती चुकवू नका. त्या दिवशी पंचवीस-पंचवीस डॉलर देणारे शंभर जण उभे करणं मंडळाला जड नाही, आपले फोनचे साखळीगट त्यासाठी उत्तम. आणि इतके स्थानिक दाते असल्याची नोंद पुढच्या अर्जात फार वजनदार ठरते.

कोणीतरी तुम्हाला फाउंडेशनमध्ये कायमस्वरूपी निधी उघडायला सुचवलंय असं लिहिलंत. आता नको. त्यात टाकलेली मुद्दल परत मिळत नाही, वर्षाला चार-पाच टक्के हाती येतात. आधी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी बँकेत साठवा.

साताऱ्याच्या शाळेला मदत करायची इच्छाही तुम्ही लिहिलीत. ती चांगली आहे, पण या अर्जात मिसळू नका. स्थानिक ग्रँटचे पैसे स्थानिक कामालाच लागतात. शाळेसाठी, अमेरिकेतून महाराष्ट्रातल्या कामांना मदत करणाऱ्या महाराष्ट्र फाउंडेशनसारखे वेगळे मार्ग आहेत.

शेवटी, ग्रँट मिळाल्यावरचं एक. अहवालाची तारीख पत्र आल्याच दिवशी कॅलेंडरवर टाका आणि हजेरी, फेऱ्या, जेवणं यांची नोंद पहिल्या आठवड्यापासून ठेवा, वर्षअखेरीला आठवून लिहिलेले आकडे ओळखू येतात. मध्येच योजना बदलली, म्हणजे चालक मिळाला नाही आणि ते पैसे टॅक्सीच्या कुपनांवर खर्चावेसे वाटले, तर खर्च करण्याआधी फोन करून विचारा. सहसा हो म्हणतात. ते 'हो' ई-मेलवर लेखी घ्या आणि ग्रँटच्या फाइलमध्ये ठेवा, पुढच्या खजिनदाराला ते लागणार आहे.