देशाला 10 पैकी किती मार्क?

प्रश्न: ताई, माझी मुलगी एसवायला आहे. तिला कॉलेजातून प्रोजेक्ट आलाय, महिला आणि मुलींवरची हिंसा थांबवायला देशाने काय काय केलं ते बघा आणि 10 पैकी मार्क द्या म्हणून. रात्री जेवताना यावरून आमच्यात चांगलंच वाजलं. तिचे पप्पा म्हणतात 8 द्या, एवढे कायदे आहेत आपल्याकडे. मी म्हणाले 3 सुद्धा जास्त होतील, कारण आमच्या वरच्या मजल्यावरच्या सुनेला नवऱ्याने मारलं तेव्हा पोलीस स्टेशनला मीच घेऊन गेले होते, तीन तास बसवलं, एनसी (म्हणजे अदखलपात्र नोंद) लिहिली आणि "मावशी, घरातलं घरात मिटवा" म्हणून परत पाठवलं. कोणाचं बरोबर?
(एक वाचक, सिडको, नाशिक)

उत्तर: मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे आणि तुमचं पाऊण.

कायद्याचं आधी बघू. यात आपल्या महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे बरं का. देसाईगंजच्या पोलीस चौकीत 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या पोलिसांना निर्दोष सोडलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला, 498अ (नवरा-सासरच्यांनी केलेल्या छळाचं कलम) पण त्याच वर्षी आलं. मग 1997 ला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरचा विशाखा निकाल, 2005 ला घरगुती हिंसाचाराचा कायदा, 2012 ला मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो, दिल्लीच्या 2012 च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीने महिन्याच्या आत दिलेला अहवाल आणि 2013 चे बदल. कागदावर 8 द्यायला माझी ना नाही. फक्त 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता आली तरी नवऱ्याने बायकोवर केलेली जबरदस्ती (ती 18 च्या वर असेल तर) अजून बलात्कार धरत नाहीत, तेवढा एक मार्क कापा आणि पप्पांना 7 वर आणा.

पण कायदे मोजून देशाला मार्क द्यायचे म्हणजे घरात भांडी किती आहेत त्यावरून स्वयंपाकाला मार्क द्यायचे. मी दुसरंच बघते. बाईने तोंड उघडलं तर पुढे काय होतं, आणि मुळात ती उघडते का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका घरातल्या एकाच बाईला, एकटीला बाजूला घेऊन हे प्रश्न विचारतात, त्यामुळे मला तो आकडा पोलिसांच्या आकड्यापेक्षा जास्त खरा वाटतो. लग्न झालेल्यांपैकी नवऱ्याची हिंसा सोसलेल्या बायका 2015-16 ला 31.2 टक्के होत्या, 2019-21 ला 29.3. म्हणजे मधल्या सगळ्या योजना, जाहिराती, रॅल्या धरून दोन टक्के पण नाही. आणि खरा चटका पुढे आहे, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभरातल्या 77 जणींनी ना मदत मागितली ना कोणाला सांगितलं, आईला पण नाही. त्याच पाहणीत 45 टक्के बायकांनी कुठल्या ना कुठल्या कारणासाठी नवऱ्याने मारणं ठीक आहे असं सांगितलं (पुरुष 44, म्हणजे आपण एक टक्का पुढेच!).

जाहिरातीवरून आठवलं. बेटी बचाओ बेटी पढाओचे 2016 ते 2019 मध्ये राज्यांना दिलेले जे 446 कोटी होते त्यातले जवळजवळ 79 टक्के निव्वळ प्रचारावर गेले, हे संसदेच्याच समितीने म्हटलंय. रिक्षाच्या मागे घोषणा रंगवून झाली की काम झालं.

आता तुमच्या वरच्या मजल्याकडे येऊ, कारण प्रोजेक्टपेक्षा ते महत्त्वाचं. तुमच्यासमोर जे झालं ते कायद्याच्या उलट झालं. घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम 5 प्रमाणे तिला संरक्षण अधिकारी कोण, फुकट वकील कुठे मिळतो, तिचे हक्क काय, हे सांगणं पोलिसांचं कामच आहे. एनसी घेतली म्हणून दार बंद झालेलं नाही. डीव्हीचा (घरगुती हिंसाचाराचा) अर्ज टाकायला एफआयआर लागतच नाही. महिला व बालविकासच्या ऑफिसला संरक्षण अधिकारी भेटतात, ते घरगुती घटना अहवाल भरून मॅजिस्ट्रेटकडे पाठवतात, आणि कलम 4 प्रमाणे ही माहिती तुम्ही शेजारीण म्हणून पण देऊ शकता, चांगल्या हेतूने दिली तर तुमच्यावर केस होत नाही. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून तिला नुसतं बाहेर काढता येत नाही, राहायचा हक्क कलम 17 मध्ये आहे. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट, बाईला उत्पन्नाची अट नाही. रात्री-अपरात्री 112 (पोलीस) किंवा 181 (महिला हेल्पलाइन). सखी वन स्टॉप सेंटरला (हिंसा सोसलेल्या बायकांचं सरकारी मदत केंद्र) चार-पाच दिवस राहता पण येतं. तिला "नांदायला जा नाहीतर फारकत घे" असं दोनच पर्याय आहेत असं वाटत असेल, तिथे हे सांगा.

आणि मुलीला सांगा, घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लिहिलंय पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल शक्यतो 60 दिवसांत. तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाक, जिल्ह्यात संरक्षण अधिकारी किती, पूर्णवेळ किती आणि एकावर तीन कामं असलेले किती, वर्षात किती अहवाल कोर्टात गेले. कोर्टात बसून पाच बायकांना विचार, पहिला आदेश कितव्या महिन्यात मिळाला. मग मार्क दे. माझे विचाराल तर 4.

प्रश्न: एनसीआरबीप्रमाणे (देशभरातल्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी सरकारी संस्था) महिलांवरचे गुन्हे 2020 ला 3,71,503 होते, 2022 ला 4,45,256. म्हणजे देश मागेच चाललाय ना? की खोट्या केसेस वाढल्या?
(सातपूर एमआयडीसीतला कामगार)

उत्तर: भाऊ, दोन्ही उड्या घाईच्या. हे नोंदलेले गुन्हे आहेत, घडलेले नाहीत. 2020 ला लॉकडाऊन होता, मारणारा घरात, बाई घरात, स्टेशनला जाणार कशी? राष्ट्रीय महिला आयोगाला तेव्हा तक्रारींसाठी वेगळा व्हॉट्सअॅप नंबर काढावा लागला. वर सांगितलेल्या 77 जणींमधल्या दहा जणी जरी उद्या बोलल्या तरी आकडा फुगेल, आणि मला ते बरंच वाटेल. तुमच्या कंपनीत दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती हवी, तिच्या मेंबरांची नावं बोर्डावर लावलीत का ते उद्या शिफ्टला बघून या.

प्रश्न: मी दहावीला आहे. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीचं लग्न ठरलंय, द्राक्षाच्या कामाला जायच्या आधी उरकायचं म्हणतात. मी काय करू?
(सुरगाणा तालुका)

उत्तर: आजच 1098 ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन कर, तुझं नाव बाहेर सांगत नाहीत. अंगणवाडी ताईला किंवा ग्रामसेवकांना सांगितलंस तरी चालेल, गावात ते थांबवणं त्यांचंच काम आहे. तारीख कळली असेल तर ती सांग, कारण कोर्ट आधीच मनाई देऊ शकतं आणि त्यानंतर लावलेलं लग्न कायद्याने लग्नच धरत नाहीत. मैत्रिणीला एकटीला गाठून विचार तिला काय हवंय. घरच्यांशी तू भांडायला जाऊ नकोस, ते मोठ्यांवर सोड.