‘हार्टबर्न’साठी मराठीत कोणता शब्द योजावा?

दापोली आणि गुहागर भागांतील रुग्णांसाठी ‘जर्डक्यू’ (GerdQ) या, आम्ल अन्ननलिकेत उलट येण्याचा आजार ओळखण्यासाठीच्या प्रश्नावलीची मराठी आवृत्ती तयार करणाऱ्या एका डॉक्टरांनी विचारले आहे की, ‘हार्टबर्न’साठी ‘पित्त’, ‘अ‍ॅसिडिटी’ आणि ‘छातीत जळजळ’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा. माझे मत निःसंशय ‘छातीत जळजळ’ला आहे, मात्र छातीत म्हणजे कोठे, हेही प्रश्नातच सांगावे: ‘छातीच्या मधल्या हाडामागे जळजळते का?’

‘पित्त’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. ‘पित्त झालंय’ असे सांगणाऱ्या बाईचे कधी डोके ठणकत असते, कधी तिला कडू, पिवळी उलटी झालेली असते, तर कधी अंगभर गांधी उठल्यामुळे ती आमसुलाचे पाणी लावून बसलेली असते. यांतल्या शेवटच्या तक्रारीचा अन्ननलिकेशी काहीही संबंध नाही, तरी ‘पित्ताचा त्रास होतो का?’ या प्रश्नाला ती प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणेल. ‘अ‍ॅसिडिटी’चा दोष वेगळा आहे: त्या शब्दाने आपण रुग्णाला लक्षण न विचारता त्याने स्वतःच केलेले निदान विचारतो.

परंतु या प्रश्नावलीत मला त्याहून जास्त काळजी वाटते ती ‘मळमळ’ या शब्दाची. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या जर्डक्यूमध्ये सहा प्रश्न आहेत. जळजळ, घशाशी येणे, झोपमोड आणि डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज घेतलेले जादा औषध यांना मागच्या सात दिवसांतील त्रासाच्या दिवसांप्रमाणे 0 ते 3 असे चढते गुण मिळतात. पोटाच्या वरच्या भागातील दुखणे आणि मळमळ यांना मात्र उलटे, म्हणजे त्रास अजिबात नसल्यास 3 आणि चार ते सात दिवस असल्यास 0. एकूण 8 किंवा अधिक गुण आले तर आम्ल अन्ननलिकेत उलट येण्याच्या आजाराची शक्यता बळावते. आता एखाद्याला पाच दिवस जळजळ झाली आणि तीन दिवस आंबट पाणी घशाशी आले, बाकी काही नाही, तर जळजळीचे 3, घशाशी येण्याचे 2, दुखणे नसल्याचे 3 आणि मळमळ नसल्याचे 3 मिळून त्याचे गुण 11 होतात. तोच माणूस घशाशी येण्यालाच ‘मळमळतं’ म्हणून मोकळा झाला, तर त्याच क्रमाने 3, 0, 3 आणि 1 असे 7 उरतात आणि तो निकषाखाली जातो. ‘जळजळतं, मळमळतं’ असे एका दमात बोलण्याची आपली सवय पाहता हे सहज घडू शकते. म्हणून एका प्रश्नात ‘आंबट किंवा कडू पाणी, अथवा खाल्लेले अन्न घशाशी किंवा तोंडात येणे’ आणि दुसऱ्यात ‘आता उलटी होईल असे वाटणे’ इतके उघड लिहावे. तेथे शब्दांची काटकसर करू नये.

‘गेल्या आठवड्यात’ हेही टाळावे. त्याचा अर्थ कोणी मागचा सोमवार ते रविवार असा घेईल, आणि बोलण्यात तर ‘आठ दिवस’ म्हणजेच आठवडा. प्रश्न विचारणाऱ्याने वाराचे नाव घेऊन ‘मागच्या बुधवारपासून कालच्या मंगळवारपर्यंत’ असे म्हटले की सात दिवस पक्के होतात.

मराठी मसुद्याचे पुन्हा इंग्रजी करून पाहण्याची पद्धत चांगली आहे. पण ते काम वैद्यकातल्याच माणसाने केले तर तो ‘पित्त’ वाचून संदर्भाने ‘हार्टबर्न’ लिहील आणि चूक झाकली जाईल. त्याहून मोलाचे म्हणजे मसुदा वेगवेगळ्या वयांच्या तीस-चाळीस जणांना वाचून दाखवणे आणि प्रत्येक प्रश्नानंतर ‘यात काय विचारलंय, ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे म्हणणे. त्यांत मासेविक्री करणाऱ्या बायका असाव्यात, बागायतदार असावेत आणि मुंबईहून परतलेले चाकरमानीही असावेत.

जादा औषधाच्या प्रश्नात मूळ परदेशी नावांऐवजी इनो, डायजीन, जेलुसिल अशी येथे दुकानात मिळणारी नावे घालावीत, आणि कोकम सरबत, सोलकढी किंवा जिऱ्याचे पाणी औषधांत धरायचे नाही हे त्याच ओळीत लिहावे, नाहीतर कोकणात जवळजवळ प्रत्येकाचे उत्तर ‘रोज’ असे येईल.