पिंपल्स आणि ताट: सुरुवात कुठून करायची

भावा, पिंपल्स कमी व्हायला खाण्यात काय बदलू, असं विचारलंस ना? लातूरला क्लाससाठी आलो तेव्हा माझाही चेहरा असाच पिंपल्सनी भरला होता. मेसचं तेल, शेंगदाण्याची चटणी, 'उष्णता', सगळ्यांवर खापर फोडून झालं. खरा घोळ टपरीवर होता: दिवसाला पाच गोड चहा, सोबत खारी नाहीतर क्रीमरोल. साखर-मैद्यानं रक्तातली साखर झटकन चढते, मागोमाग इन्सुलिन वाढतं आणि त्वचेतल्या तेलग्रंथी जोरात कामाला लागतात.

सध्या एवढंच कर:
- चहा दोनवर आण, कोल्ड्रिंक बंद.
- ज्वारीची भाकरी मिळत असेल तर तीच घे, वरण-पालेभाजीसोबत.
- जिमवाल्यांच्या नादानं व्हे प्रोटीन (दुधापासून बनलेली प्रोटीन पावडर) चालू असेल तर थांबव. काहींना त्यानं फोड वाढतात.

आठ दिवसांत आरसा बघून कंटाळू नको, 8 ते 12 आठवडे दे. दूध, तेल, सगळं एकदम सोडलंस तर फरक कशानं पडला तेच कळत नाही. आणि पिंपल फोडायचा नाही! माझ्या डाव्या गालावरचा खड्डा अजून तसाच आहे. गाठीसारखे, दुखणारे फोड असतील तर नुसतं पथ्य करत बसू नको, स्किनच्या डॉक्टरांना दाखव.