तापली की बंद पडणारी पद्मिनी

प्रश्न : आमची जुनी प्रीमियर पद्मिनी तापली की सिग्नलला बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. कार्बुरेटर बदलावा का?

उत्तर : इतक्यात नको. गाडी बंद पडलेली असतानाच तपासा. थंड झाल्यावर दोष सापडत नाही. जादा स्पार्क प्लग (पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडणारा) प्लगच्या वायरला लावा, त्याची बॉडी कार्बुरेटरपासून लांब, इंजिनच्या लोखंडाला टेकवा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ठिणगी निळी, कडक हवी. पिवळट किंवा गायब असेल तर आधी कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा डबीसारखा भाग) बदला, तो स्वस्त असतो, मग कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग). पॉइंटचा (डिस्ट्रिब्यूटरमधल्या उघड-बंद होणाऱ्या संपर्कांचा) गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिमी ठेवा.

ठिणगी उत्तम असेल तर इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर (टाकीतून पेट्रोल ओढणारा भाग) आणि पेट्रोलच्या पाइपवर ओलं फडकं ठेवा. त्याने गाडी लवकर सुरू झाली, तर पाइपात वाफ अडकतेय. पाइप एक्झॉस्टपासून दूर घ्या.