चमचाभर गोड, वर गार पाणी: सायप्रसच्या गोडधोडाविषयी वाचकांचे प्रश्न

सायप्रसच्या पारंपरिक गोड पदार्थांवर गेल्या अंकात छापलेल्या पानाला आलेली बहुतेक पत्रं किनाऱ्यावरची आहेत. पदार्थ तिकडचे असले तरी बिघाड इकडच्या हवेत आणि इकडच्या फळांत झालेले आहेत, त्यामुळे प्रमाणं इथल्या सामानाला धरून दिली आहेत.

कलिंगडाच्या सालीचा ‘ग्लिको’ (साखरेच्या पाकात मुरवलेल्या फोडी) दोनदा केला. पहिल्यांदा लगदा झाला, दुसऱ्यांदा फोडी चिवट आणि सुरकुतलेल्या. यात चुना खरंच घालतात का? तो बाधत नाही का? (अलिबाग)

घालतात, पण चुना नव्हे, चुन्याची निवळी. आपल्याकडे आल्यागेल्याला गूळ-पाणी, तसा सायप्रसमध्ये लहान बशीत ग्लिकोचा एक तुकडा आणि शेजारी गार पाण्याचा पेला. फोड कुरकुरीत लागायला हवी, तिचा मुरांबा होऊन चालत नाही. कोहळ्याच्या पेठ्याला आपण जी युक्ती करतो तीच इथे. फळातल्या पेक्टिनला (फोड बांधून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याला) चुन्यातलं कॅल्शियम मिळालं की ते घट्ट धरतं आणि पुढे कितीही उकळलं तरी फोड विरत नाही.

जाड सालीचं कलिंगड घ्या. वरची हिरवी साल काढायची, आतला लाल गरही पूर्ण खरवडायचा. राहिला तर पाकात सुटून गढूळपणा येतो. उरलेला पांढरा भाग दीड सेंटिमीटर तरी जाड हवा. त्याच्या फोडी 1 किलो. 2 लिटर पाण्यात 2 चमचे खायचा साधा चुना (वासाचा नको, भिंतीचा तर नकोच) ढवळून रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं नितळ पाणी तेवढं अलगद ओतून घ्या. जास्त चुना घालून निवळी कडक होत नाही. लिटरभर पाण्यात दीड-दोन ग्रॅमच विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. तळचा गाळ फोडींना लागला तर मात्र त्या कडू होतात. भांडं स्टीलचं घ्या, कारण ॲल्युमिनियम चुना खातो. हात कोरडे पडतात, तेव्हा निवळीत चमचा वापरलेला बरा.

फोडी निवळीत 3 तास. मग पाच-सहा पाण्यांतून धुवायच्या. शेवटच्या पाण्याचा थेंब जिभेला तुरट लागता कामा नये. इतकं धुतलं की बाधण्याजोगं काही उरत नाही. नंतर साध्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळा. सुई विनासायास आरपार जायला हवी. तुमच्या दुसऱ्या खेपेला इथेच चुकलं असणार. कच्च्या फोडी थेट दाट पाकात टाकल्या की साखर त्यांच्यातलं पाणी ओढून घेते, पाक आत शिरण्याआधीच फोड आक्रसते, आणि ती पुन्हा फुगत नाही.

म्हणून पाक पातळ सुरू करायचा: 1 किलो साखर, 700 मिली पाणी. उकळी आली की फोडी, चार लवंगा आणि दालचिनीचा बोटभर तुकडा घालून 10 मिनिटं, मग गॅस बंद करून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी पाक आणखी पातळ झालेला दिसेल, कारण फोडींनी पाणी सोडलेलं असतं. आता मध्यम आचेवर एकतारीच्या थोडं पुढे न्या; थेंब बशीत टाकून बशी तिरपी केली तर तो सावकाश सरकावा. थर्मामीटर असेल तर 105 अंश. उतरवायच्या पाच मिनिटं आधी एका लिंबाचा रस घाला, त्याने पाक साखरत नाही. सायप्रसमध्ये शेवटी गुलाबाच्या वासाच्या जिरेनियमचं एखादं पान टाकतात. कुणाच्या कुंडीत असेल तर जरूर, नाहीतर लवंग पुरते.

बरणीत फोडी पाकाखाली बुडालेल्या हव्यात. पावसाळ्यात ओला चमचा एकदा जरी गेला तरी वर बुरशी धरते.

द्राक्षाच्या रसातली बदामांची माळ, ‘शुशुको’, रत्नागिरीत वाळेल का? आमची चार दिवसांनीही चिकटच. (रत्नागिरी)

वाळेल, पण ऋतू पाहून. तिकडे द्राक्षाची तोडणी उन्हाळ्याच्या शेवटी होते आणि हवा कोरडी असते. आपल्याकडे नाशिकची द्राक्षं फेब्रुवारी-मार्चला पिकून पिवळी पडतात, नेमकी तेव्हाच किनाऱ्याची हवाही त्यातल्या त्यात कोरडी. एप्रिलनंतर सुरू करू नका.

अडीच लिटर गाळलेला रस आटवून 2 लिटर करा. सायप्रसमध्ये रस एका पांढऱ्या, चुनखडीच्या मातीसोबत उकळून आंबटपणा मारतात आणि रात्रभर निवळवतात. इथे तिच्या जागी खायचा चुना घालू नका. तो कितीतरी तीव्र असतो, रस साबणासारखा लागतो. पूर्ण पिकलेली गोड द्राक्षं घेतली की हा टप्पा लागत नाही. गार रसातून वाटीभर बाजूला काढून त्यात 220 ग्रॅम मैदा कालवा, गाठी गाळून घ्या, आणि गरम रसात ओतून मंद आचेवर सतत हलवा. कच्च्या पिठाचा वास गेला, पृष्ठभागावर जाड बुडबुडे ‘फट्’ करून फुटू लागले की ‘पालुझे’ तयार. हा नुसता वाटीत घालूनही खातात.

बदाम रात्रभर भिजवून, सोलून जाड दोऱ्यात ओवायचे, खाली पक्की गाठ. पालुझे कोमट असताना बुडवा. कढत असेल तर थर घसरून गाठीपाशी लोळा होतो, गार असेल तर गुठळ्या चिकटतात. पहिला थर पातळच बसतो, त्याची काळजी नको. वरचा हाताला चिकटेनासा झाला की पुढचा. पाच-सहा थर झाले पाहिजेत. तुम्ही घाईने थरावर थर दिलेत, म्हणून आतलं ओलं कोंडून राहिलं. दिवसा वारा लागेल अशा सावलीत टांगा, दिवस मावळायच्या आत घरात घेऊन पंख्याखाली. खारी हवा रात्री दिवसभराचं वाळवण परत भिजवते. आंबापोळी घालणाऱ्यांना हे सांगायला नको. आठ दिवस धरून चाला.

नंतर अंगावर पांढरी पूड दिसली तर बिचकू नका, ती द्राक्षातली साखर. बोटाने पुसली की कोरडी निघते. हिरवट, लव असलेला डाग मात्र बुरशीच. तो खरवडून काढायचा नाही, माळ टाकून द्यायची.

‘महालेपी’ला (कॉर्नफ्लोअरच्या थिजवलेल्या गोडाला) पाणी सुटतं. दूध घालू का? (मालवण)

सायप्रसचं महालेपी पाण्याचंच. 1 लिटर पाणी, 80 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, 2 मोठे चमचे साखर. दाट झालं की लगेच उतरवलं जातं, तिथे फसतं. उकळी फुटल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं हलवत शिजवा, उतरवल्यावर 2 चमचे गुलाबपाणी घाला, वाट्यांत ओता आणि मग चमचा लावू नका. सेट होताना ढवळलं की स्टार्चची जाळी तुटून पाणी निघतं.

वर गुलाबाचं सरबत घालतात, आग्रोस गावचं गुलाबपाणी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे कोकम सरबत फार छान लागतं, पण खायच्या वेळी आणि वरून. शिजताना आंबट पडलं तर स्टार्च तुटून घोळ पातळ होतो.

‘शामिशी’ म्हणजे आपली सांजोरीच ना? तळताना फुटतात. (गुहागर)

जवळची बहीण म्हणा. सांजा आपण रवा तुपात भाजून करतो. शामिशीत रवा न भाजता साखरेच्या पाण्यात शिजवतात (1 वाटी रवा, 3 वाट्या पाणी, पाऊण वाटी साखर), वर संत्र्याच्या फुलांचं पाणी आणि मस्तकी, म्हणजे एका झाडाचा सुगंधी डिंक. रुमी मस्तकी काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. तिचे दोन खडे चमचाभर साखरेबरोबर कुटा, नुसते कुटले तर खलाला चिकटतात. फुलांचं पाणी नसेल तर गुलाबपाणी निम्मं घाला. केवडा नको, तो मस्तकीला मारतो.

सारण पूर्ण गार नसतं म्हणून फुटतात. आतली वाफ कड उघडते. मैद्याची पारी पातळ लाटा, चौकोनी घडी घाला, कडा पाण्याच्या बोटाने दाबा. तळून वर पिठीसाखर. गरमच खायच्या, गार झाल्या की पारी चामट होते.

‘लुकुमी’ आणि बाजारातला कराची हलवा एकच का? आमच्या वड्यांना जुलैत घाम फुटला. (श्रीवर्धन)

एक नव्हेत. कराची हलव्यात तूप असतं, लुकुमीत फक्त साखर, पाणी, स्टार्च आणि थोडी आंबटाई. पाफोसजवळच्या येरोस्किपू गावच्या लुकुमीला 2007 साली युरोपीय संघाचं भौगोलिक संकेत संरक्षण मिळालं.

घाम फुटतो तो नुसत्या पिठीसाखरेमुळे. ती हवेतलं पाणी ओढते आणि विरघळते. पिठीसाखर आणि कोरडं भाजलेलं कॉर्नफ्लोअर समप्रमाणात मिसळून त्यात वड्या घोळवा. कापायच्या आधी लादी दिवसभर पंख्याखाली उघडी ठेवा. फ्रिजमध्ये नको: बाहेर काढल्याबरोबर वड्यांवर दव धरतं आणि पहिल्यापासून सगळं.