गाडीच्या हीटर होजचं (हीटरला गरम कूलंट नेणाऱ्या रबरी नळीचं) क्विक डिस्कनेक्ट फिटिंग, म्हणजे खटक्याने बसणारा जोड, निघत नाही. पकडीने जोर लावून ओढलं तर चालेल का? नवीन प्लास्टिकचं घ्यावं की धातूचं?

अजिबात ओढू नका. आमच्या दादाने ओढलं होतं आणि पुढचं सगळं मला निस्तरावं लागलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्याच्या पिकअपचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) इनटेक मॅनिफोल्डपाशी, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागापाशी, झिरपत होतं. होज धडधाकट, गळती फिटिंगमधून. ओतीव धातूचं फिटिंग: एका टोकाचे आटे मॅनिफोल्डमध्ये, दुसऱ्या टोकात होजची नळी खटकन बसते. आट्यांच्या कडेला पांढरी भुकटी धरली होती. असा पांढरा थर दिसला की आतला धातू पोखरलाय असंच समजायचं. मी म्हटलं, आज गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवू, उद्या फिटिंगच्या षटकोनी भागावर खोल सॉकेट लावून सरळ फिरवू. दादाने तोवर होज मुठीत धरून आडवा हिसका दिला. नळी सुटली नाहीच, फिटिंग मानेपाशी मोडलं आणि आटे आतच राहिले.

गॅरेजवाल्याने बघताक्षणी सांगितलं, मॅनिफोल्ड बदला. दादा तयारही झाला होता. मी म्हटलं, मला एक संध्याकाळ दे.

एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे आत मोडलेला तुकडा फिरवून काढायचं हत्यार, आधी लावून पाहिला. धातू इतका मऊ झाला होता की तो आतून नुसता कुरतडत फिरत राहिला. मग भोकाच्या तळाशी दोरा बांधलेली चिंधी कोंबली, म्हणजे कीस कूलंटच्या वाटेत जाणार नाही आणि चिंधीही हरवणार नाही. हेक्सॉचं सुटं पातं एका टोकाला टेप गुंडाळून हातात धरलं आणि आतून बाहेरच्या दिशेने उरलेल्या कड्याला एक उभा काप द्यायला घेतला. इथे घाई करून चालत नाही. दोन-चार वेळा पातं फिरवायचं, थांबायचं, बॅटरीच्या उजेडात बघायचं. फिटिंगचा धातू राखाडी आणि निस्तेज दिसतो. कापाच्या तळाशी मॅनिफोल्डच्या आट्याची चकाकती रेघ डोकावली की तिथेच थांबायचं. त्याच्या शेजारी बोटभर अंतर सोडून दुसरा काप दिला. मधल्या तुकड्याच्या कडेवर बारीक छिन्नी टेकवून हलक्या हातोडीने आतल्या बाजूला दाबला, तसा तो तुकडा सुटला आणि बाकीचं कडं सैल होऊन पकडीने फिरत फिरत बाहेर आलं. आटे शाबूत. चिंधी काढली, व्हॅक्यूमने कीस ओढून घेतला, नवं फिटिंग आट्यांना सीलंट लावून हाताने सुरू केलं आणि मग पान्याने बेताचं आवळलं. मॅनिफोल्ड अजून तोच आहे.

दादाचं आजही म्हणणं एकच: ते कुजलेलंच होतं, कधीतरी मोडणारच होतं. कुजलेलं होतं हे मलाही मान्य आहे. पण कुजलेल्या वस्तूला आडवा हिसका देतात का? हेच फिटिंग फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी), हीटर कोअरच्या, म्हणजे केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या, ॲल्युमिनियमच्या नळीवर असतं तर तो हिसका कोअरला बसला असता, आणि बऱ्याच गाड्यांत कोअर बदलायचा म्हणजे अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा.

आता तुमचं. फिटिंग अडकतं ते बहुतेक वेळा खाचांत बसलेल्या मातीमुळे आणि नळीला चिकटलेल्या ओ-रिंगमुळे (गळती रोखणाऱ्या रबरी कड्यामुळे). आधी पाण्याने, मग हवेच्या झोताने नळी धरून ठेवणाऱ्या क्लिपभोवतीची माती काढा. मग होज ओढायच्या ऐवजी आत ढकला. ओढल्यावर क्लिपचे दात नळीच्या कडेवर आणखी घट्ट बसतात. आत ढकललं की त्यांच्यावरचा ताण जातो. तसंच ढकललेलं धरून क्लिप दोन्ही बाजूंनी दाबा, होज थोडा डावीउजवीकडे पिळा आणि सरळ रेषेत बाहेर घ्या. क्लिप प्लास्टिकची आणि जुनी असेल तर ती तुटली तरी वाईट वाटून घेऊ नका. क्लिप मिळते, कोअर महाग पडतो. स्क्रू ड्रायव्हर घालून नळीवर तरफ करायची नाही.

प्लास्टिक की धातू? ओतीव जस्ताचं, म्हणजे दादाचं कुजलं तसलं, सोडून काहीही. मॅनिफोल्डच्या बाजूला मी ॲल्युमिनियमचं घातलं. प्लास्टिक गंजत नाही, पण उष्णतेने वर्षानुवर्षं ठिसूळ होत जातं.

दादाचा दुसरा आवडता सल्ला म्हणजे फिटिंगच काढून टाक, होज थेट नळीवर चढव आणि क्लॅम्प आवळ. काही गाड्यांत हे चालतं. पण क्विक डिस्कनेक्टच्या नळीचं टोक ओ-रिंगसाठी गुळगुळीत असतं आणि उंचवटा थोडा मागे असतो. होज त्या उंचवट्याच्या पलीकडे गेला नाही तर क्लॅम्प कितीही आवळा, दाबाखाली होज निसटू शकतो.

बसवताना ओ-रिंगला कूलंटचाच हात लावा, नाहीतर सिलिकॉन ग्रीस. साधं पेट्रोलियमचं ग्रीस नको, कूलंटच्या ओ-रिंग सहसा ईपीडीएम रबराच्या असतात आणि त्या त्याने फुगतात. खटका ऐकू आला तरी एकदा ओढून खात्री करा.

हे आधीच सांगायला हवं होतं: इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय यातल्या कशालाही हात लावू नका. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट १५ पीएसआय दाब धरणाऱ्या रेडिएटरच्या झाकणाखाली सुमारे १२९ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. दाब सुटला की त्याची एकदम वाफ होऊन अंगावर येते. काम झाल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून कूलंटमध्ये अडकलेली हवा काढा, आणि इंजिन एकदा तापून निवल्यावर कूलंटची पातळी पुन्हा बघा. खाली सांडलेलं लगेच पुसा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं.